नवीन लॉन विकू नका, जुनं लॉन वाचवायला शिका



एप्रिलच्या बॅचमध्ये एका मुलाने ब्रेकमध्ये मला गाठलं. "सर, लॉनचा बिझनेस सुरू करतोय. कार्पेट कुठून उचलू आणि स्क्वेअर फुटामागे किती मार्जिन ठेवू?" मुलगा इंदापूरकडचा, घरी शेती, पुण्यात भावाकडे राहतो. मी उलटा प्रश्न टाकला, "शेतात हरळी आहे का रे?" तो हसायलाच लागला. "सर, हरळीनेच तर वाट लावलीय. आजोबांपासून खणतोय, निघत नाही."

म्हटलं, झालं तर मग. पुण्यात बंगलेवाले ज्या गवतासाठी पैसे मोजतात, ते हेच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतात पिकाला छळते ती हरळी आणि नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने मिळतं ते लॉन, सगळी एकाच घराण्यातली. जे गवत तुझ्या आजोबांना मारता आलं नाही, ते बंगल्यात पाणी, खत, माळी सगळं असून का मरतं? या प्रश्नाचं उत्तर ज्याला सापडलं, त्याचा धंदा चालला. मार्जिनचं नंतर बघू.

लॉनची मशीन कुठली घ्यायची यावर आपण चॅनलवर बोललोय. आज मशीनबद्दल नाही, माझं मत सांगायचंय, आणि ते अनेकांना आवडणार नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने नवीन लॉन घालून द्यायचं काम निदान पहिली दोन वर्षं घेऊच नये. आधी जुनी, पिवळी पडलेली, टकली झालेली लॉन्स दुरुस्त करावीत.

का, ते माझ्या अनुभवातून सांगतो. मला अजूनही लाज वाटते, पण सांगतो.

ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी मी तीन वर्षं बागकामाची सर्व्हिस चालवायचो. कोथरूडला एक निवृत्त काका-काकू होते, बंगल्यापुढे साधारण आठशे फूट जागा. फेब्रुवारीत मी तिथे कार्पेट लॉन घातलं. सोलापूर रोडच्या नर्सरीतून रोल आणले, दोन दिवसांत हिरवंगार. काकूंनी चहा-पोहे दिले, मी फोटो काढले, पेमेंट हातात. सप्टेंबरमध्ये फोन आला, "अहो, मध्ये मध्ये पिवळं पडतंय." मी गेलो, वरून बघितलं आणि म्हणालो, "पाणी कमी पडतंय." सप्टेंबरात! धो-धो पाऊस होऊन गेलेला. तरी त्यांनी ऐकलं, कारण मी 'एक्स्पर्ट'. नोव्हेंबरात मी जुनं काढून पुन्हा नवीन घातलं, थोडा डिस्काउंट देऊन. मला वाटलं, काय मोठा गुडविल कमावला.

पुढच्या सप्टेंबरात तेच.

या वेळी माझ्याबरोबर जुन्नरकडचे एक वयस्कर माळी होते. त्यांनी पिवळ्या पट्ट्यातलं गवत मुठीत धरून नुसतं ओढलं. चादर उचलावी तसं अख्खं गवत वर आलं, खाली मुळंच नाहीत. मातीत पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या जाड अळ्या. हुमणी. उसात, भुईमुगात शेतकऱ्याला रडवते तीच. आणि तिला आमंत्रण मीच दिलेलं. दोन्ही वेळा लॉनखाली मी अर्धवट कुजलेलं शेणखत पसरलं होतं, कारण ते स्वस्त मिळालं.

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन वेळा तुम्ही आम्हाला गवत विकलंत. एकदाही खाली काय आहे ते बघितलं नाहीत."

दुसऱ्या वेळचे पैसे मी तीन हप्त्यांत परत केले. त्यांनी मागितले नव्हते. पण त्या कॉलनीतून मला नंतर एकही काम मिळालं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आता धंद्याच्या नजरेने बघा. नवीन लॉन घालणाऱ्याचा सगळा फायदा पहिल्या दोन दिवसांत असतो. गवत मेलं तर त्याला काही तोटा नाही, उलट पुन्हा काम मिळतं. दुरुस्ती करणाऱ्याचं उलटं आहे. गवत जगलं तरच त्याला पुढच्या महिन्यात दारात उभं करतात. म्हणून तो बघायला शिकतो. माझं म्हणणं, ज्या कामात चुकलात तर लगेच कळतं, त्या कामातून शिकायला सुरुवात करा.

बघायचं म्हणजे काय, तर पहिल्या व्हिजिटला मशीन नेऊच नका. एक लांब स्क्रूड्रायव्हर, एक खुरपं, तीन-चार रिकामे डबे आणि वही. बास.

आदल्या दिवशी पाणी दिलेल्या जमिनीत स्क्रूड्रायव्हर दाबा. पाच-सहा इंच सहज गेला तर माती बरी आहे. दोन इंचांवर अडकला तर तुमचं काम सुरू झालं. आपल्याकडे बंगला किंवा सोसायटी बांधली की बिल्डर मुरूम भरतो, रोलर फिरवतो, वर दोन-तीन इंच लाल माती आणि त्यावर कार्पेट. मुळं लाल मातीपर्यंत जातात, खाली मुरमाला टेकली की थांबतात. दोन इंचांत जगणाऱ्या गवताला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि पावसाळ्यात त्याच दोन इंचांत पाणी साचून मुळं सडतात. मालक म्हणतो, "गवतच खराब दिलं." गवत बिचारं पत्र्याच्या डब्यात लावल्यासारखं जगत असतं.

याला औषध नाही, मेहनत आहे. जमीन ओली असताना बागेचा काटा चार-पाच इंच खोल खुपसायचा, किंचित हलवायचा, वीतभर पुढे जायचं, पुन्हा खुपसायचा. मग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, चाळलेली माती आणि वाळू यांचं मिश्रण अर्धा इंच पसरून झाडूने त्या भोकांत ढकलायचं. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत, पुरून टाकायचं नाही. पाऊस सुरू झाल्यावर जून-जुलैत हे केलंत तर महिन्याभरात फरक दिसतो. टकल्या जागी त्याच लॉनच्या कडेच्या कांड्या काढून टोकणी करायची, बोटा-दोन बोटांच्या अंतरावर. विकत काही आणायचं नाही. हरळी स्वतःच पसरते, ते तिला शिकवावं लागत नाही. इंदापूरवाल्याला विचारा!

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. यूट्यूबवर अमेरिका-इंग्लंडचे लॉनचे व्हिडिओ बघून काम शिकू नका. ते म्हणतात, शरद ऋतूत बी फेका, थंडीत गवत जोर धरतं. त्यांची गवतं थंड हवेची, राय, फेस्क्यू, ब्लूग्रास. विम्बल्डनचं टेनिस कोर्ट राय गवताचं आहे आणि ते आठ मिलिमीटरवर कापतात. आमच्या एका क्लायंटने तो फोटो दाखवून "असं करा" म्हणून हट्ट धरला होता. आपलं गवत उष्ण हवेचं. ते पावसाळ्यात धावतं, डिसेंबर-जानेवारीत झोपतं. थंडीत थोडं पिवळं दिसलं म्हणून युरिया मारत सुटू नका.

खुरप्याचं काम काय? पिवळ्या डागाच्या कडेला एक फूट बाय एक फूट, तीन-चार इंच खोल माती उलटायची आणि अळ्या मोजायच्या. एक-दोन सापडल्या तर घाबरायचं कारण नाही. पाच-सहाच्या वर गेल्या तर हुमणीवर काम करावं लागेल. तिचं वर्षाचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं, शहरातल्याने पाठ करावं: वळवाचे आणि मृगाचे पहिले पाऊस पडले की भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर बसतात, मग मातीत अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर मुळं खातात. ऑगस्ट-सप्टेंबरला डाग दिसतात तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि उशीर झालेला असतो. म्हणून मे-जूनमध्ये प्रकाश सापळा लावायचा, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे, आणि जमीन ओली झाली की चांगल्या कंपोस्टमध्ये मेटारायझियम बुरशी मिसळून द्यायची. कृषी सेवा केंद्रात मिळते. महाग नाही. फक्त वेळेवर करावं लागतं, आणि 'वेळेवर' हीच तर सर्व्हिस आहे जी तुम्ही विकताय.

डबे कशाला, ते पाण्यासाठी. लॉनवर तीन-चार ठिकाणी सारखे डबे ठेवा, नेहमीसारखं पंधरा मिनिटं पाणी द्यायला सांगा आणि पट्टीने मोजा. एका डब्यात एक सेंटिमीटर, दुसऱ्यात काहीच नाही, असं हमखास निघतं. जिथे काहीच नाही तिथेच पिवळं असतं. मालकाला हे डोळ्यांनी दाखवलंत की तुमच्यावर विश्वास बसतो, व्हिजिटिंग कार्ड लागत नाही.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ हवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आठशे चौरस फूट म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर धरलं तर ७४ गुणिले २५, म्हणजे १,८५० लिटर. महिन्याला आठ हजारांच्या आसपास. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. ज्या भागात एप्रिलपासून टँकरच्या रांगा लागतात, तिथे तुम्ही एका घराला बहुतेक एक टँकर गवतावर ओतायला सांगताय.

माझं दुसरं मत इथे येतं, आणि यावर बॅचमध्ये दरवेळी वाद होतो. ज्या घरात लॉन असूच नये, तिथे ते सांगायची हिंमत ठेवा. आंब्याखाली दिवसभर सावली असेल, दोन बिल्डिंगच्या मधल्या बोळात तीन तास ऊन येत असेल, तर हरळीचं गवत तिथे टिकणार नाही. तिला सहा तास तरी ऊन लागतं. पाणीच नसेल तर आठशे फुटांचं साडेतीनशे करा, जिथे बसतात, मुलं खेळतात तेवढंच. पाणी आठ हजारांवरून साडेतीन हजारांवर येईल. उरलेल्या जागेत फरशीमध्ये फटी ठेवून, किंवा सावलीत चालणारी रोपं लावून काम भागतं.

"सर, मग आपलं बिल कमी नाही का होणार?" हा प्रश्न येतोच. होईल, जर तुम्ही स्क्वेअर फुटावर दर लावत असाल तर. म्हणून मी म्हणतो, देखभालीचा दर व्हिजिटवर लावा. तुमचा वेळ जातो तो घरी पोचण्यात, मशीन उतरवण्यात, बघण्यात, कडा कापण्यात, कचरा भरण्यात. गवत आठशे फूट असो की साडेतीनशे, तासाभराच्या कामात वीस मिनिटांचा फरक पडतो. साडेतीनशे फुटांचं हिरवं लॉन असलेला माणूस वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतो. आठशे फुटांचं पिवळं लॉन असलेला माणूस पुढच्या मे महिन्यात तुम्हाला काढून टाकतो.

कुणी म्हणेल, मग प्लॅस्टिकचं गवत विका की, पाणीही नको, देखभालही नको. बाल्कनीत असेल तर माझी हरकत नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या लॉनवर अनवाणी उभे राहून बघा, मग आपण बोलू.

हिशेबाकडे येतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा. समजा तुम्ही आणि एक मदतनीस. महिन्यातून दोन व्हिजिट, घरामागे १,२०० रुपये. पाऊस, मशीन बंद, सुट्ट्या धरून कामाचे दिवस २०. सगळी घरं एकाच कॉलनीत असतील तर दिवसाला पाच होतात, म्हणजे १०० व्हिजिट, ५० घरं, ६०,००० रुपये. मदतनिसाला ७०० रुपये रोजाने १४,०००, पेट्रोल, पाती, दुरुस्ती ८,०००. उरले ३८,०००. आता तीच घरं वारजे, वाघोली, पिंपळे सौदागर अशी विखुरलेली धरा. दिवसाला तीनच होतात. ६० व्हिजिट, ३० घरं, ३६,००० रुपये. मदतनीस तेवढाच, पेट्रोल वाढून खर्च १२,०००. उरले १०,०००. माणूस तोच, मेहनत तेवढीच, किंबहुना ट्रॅफिकमुळे जास्त. म्हणून लांबचं एक मोठं काम आलं म्हणून हुरळून जाऊ नका. शेजारचं घर मिळवा, मग त्याच्या शेजारचं.

दुरुस्तीचं काम, म्हणजे काटा मारणं, माती पसरणं, टोकणी, याचे पैसे वेगळे आणि आधी लिहून द्या. आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी हजार रुपये मागितले तर हात जोडा.

कापणीबद्दल फार लिहीत नाही, एकच नियम आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. दिवाळीत मालक गावाला जातो, गवत पाच इंच होतं, परत आल्यावर माळ्याला म्हणतो "एकदम बारीक कर." माळी ब्रश कटरने दाढी केल्यासारखं करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं तपकिरी. तुम्ही मालकाला सांगायचं, तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा येतो. घरच्या लॉनला दीड-दोन इंच पुरे. आणि पातं धारदार ठेवा. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, टोकं पांढरी पडतात.

लव्हाळ्याचं मात्र थोडं खरं सांगायला हवं, कारण इथे सगळेच क्लायंटला थापा मारतात. "एका फवारणीत गायब." नाही होत. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात. वरून उपटलं तर गाठ खाली राहते आणि दहा दिवसांत पुन्हा पातं वर. पाऊस पडून गेल्यावर खुरप्याने गाठीसकट काढायचं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, असं पूर्ण सीझन. पहिल्या वर्षी कमी होईल, जाणार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा. मी सांगायला लागल्यावर दोन घरांनी मला नकार दिला, बाकीच्यांनी कधी तक्रार केली नाही. आणि नवीन कार्पेटचे रोल आणाल तेव्हा कडेला नीट बघा, बऱ्याचदा लव्हाळा फुकट भेट मिळतो.

जाता जाता एक वेगळा धागा. आपल्याकडे 'लॉन्स' म्हटलं की लोकांना आधी लग्नच आठवतं. तुळशीच्या लग्नापासून तिथे मांडव, मॅट, खुर्च्या, केटररचं गरम पाणी, सगळं गवतावर. दोन दिवस मॅटखाली राहिलं की गवत पिवळं. पण आषाढी एकादशी आली की चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, आणि नेमका तोच लॉन दुरुस्त करायचा हंगाम. मालकाकडे रिकामी जागा, तुमच्याकडे पाऊस. घरगुती कामात हात बसल्यावर, म्हणजे तिसऱ्या वर्षी, अशा एका मालकाला जेठ महिन्यात जाऊन भेटा. आत्ता नको. तिथे हात पोळला तर पोळतोच.

तर तो इंदापूरचा मुलगा. त्याला मी सांगितलं, महिनाभर काही विकत घेऊ नको, कार्ड छापू नको. दहा घरं बघ, फुकट, आणि वहीत लिही. परवा त्याचा फोन आला. दहापैकी सहा घरांत स्क्रूड्रायव्हर तीन इंचांच्या पुढे गेला नाही. दोन घरांत पाणीच एका कोपऱ्यात पडत होतं. एका घरी आंब्याखाली गवत लावलेलं, तिथे त्याने घाबरत घाबरत सांगितलं, "मावशी, इथे लॉन नका ठेवू, पैसे वाया जातील."

मावशींनी विचारलं, "मग काढायचे किती घेशील?"

त्याने मला फोन केला तो दर विचारायला. मी म्हटलं, वहीत बघ, किती तास लागतील ते लिही, त्याला रोजाने गुण आणि त्यांना लेखी दे. आणि शेवटच्या, दहाव्या घरचं काय? तर म्हणाला, "सर, तिथे एका फुटात आठ अळ्या निघाल्या. पण आत्ता मे आहे ना, मग मागच्या वर्षीच्या उरल्यात का?" मी म्हटलं, उत्तर मी देणार नाही, वडिलांना फोन लाव.